चौतीस आठवडे कुठून मोजायचे?

ती घटना आजही आठवते, पण कशामुळे आठवते हे सांगितलं तर लोक हसतात. नात्यात कुणाकडे बाळ झालं की मी पेढा हातात घेतो आणि आधी बाळाचे तळपाय बघतो. आमची सौ. म्हणते, "बाकीचे लोक नाक कुणाचं, डोळे कुणाचे ते बघतात. तुम्हीच एक तळपाय धरून बसता." आता सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी निवांत आहे, तेव्हा एकदा सगळं सांगूनच टाकतो.

मी तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. भाग यंत्रमागांचा, टॉवेल आणि चादरींचा. आमचे गुन्हेही ठरलेले असायचे. सुताची चोरी, मोबाइलची चोरी, पगाराच्या दिवशी मारामारी. त्या दिवशी सकाळची हजेरी उरकून मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, वस्तीतल्या आशाताई आल्यात. तक्रार द्यायची न्हाय म्हणतात, पण उठूनही जात नाहीत."

तक्रारही द्यायची नाही आणि जायचंही नाही, अशा माणसाला मी कधी बाहेर बसवून ठेवलं नाही. या आशाताई आरोग्य खात्याच्या. घरोघरी फिरून गरोदर बायकांची नोंद ठेवायचं त्यांचं काम. त्या छातीशी नोंदवही धरूनच आत आल्या.

"साहेब, माझं नाव कुटं येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "माझ्या यादीतली एक पोरगी परवा घरातच बाळंत झाली. पहिलटकरीण. काल मी गेले, तर सासू म्हनली, अपुऱ्या दिवसांचं झालं, गेलं, पुरलं. पन शेजारणीनं परवा दुपारी बाळाचं रडणं ऐकलंय. चांगलं खणखणीत. कुटं पुरलं इचारलं तर सांगंना."

"लग्न कधी झालं?"

"साडेसात म्हयने झाले. तेच तर हाय साहेब."

नोंदवहीत दिवस कधी राहिले ते लिहिलं असेल, असं मला वाटलं. पण पोरगी लाजरी, अक्कलकोटच्या पलीकडच्या कन्नड मुलखातली. नोंदणीच्या दिवशी ती मान खाली घालून "आठवत नाही" म्हणाली होती, आणि सासूनं लग्नाचा महिना सांगून टाकला होता. सोनोग्राफीला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा आणलं नाही. मी स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली, आमच्या हवालदार बाईंना बरोबर घेतलं आणि निघालो. खरं सांगतो, जीपमध्ये बसताना माझ्या डोक्यात फावडं आणि पंचनामा हेच होतं. जिवंत बाळाची आशा मी धरली नव्हती.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टॉवेलांची थप्पी, कडा शिवायचं मशीन. नवरा दारातच उभा होता. यंत्रमागावर काम करणारी माणसं सवयीनं मोठ्यानं बोलतात, कारण मागांच्या खडखडाटात हळू बोललेलं ऐकूच येत नाही. हा मात्र काय बोलत होता ते मला दोनदा विचारावं लागलं. आतल्या खोलीत पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात ताप. हवालदार बाई तिच्याजवळ बसल्या, तर तिनं फक्त त्यांचा हात धरला आणि विचारलं, "नन्न कूसु?" म्हणजे, माझं बाळ?

सासू पन्नाशीची, सडसडीत, नजर चुकवत नव्हती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पुरलं की. काय करायचं मग?"

"कुठे पुरलं ते दाखवा बाई."

"आता ध्यानात न्हाय."

चौकशीचा माझा एक नियम होता. खोटं बोलणाऱ्याला मुख्य प्रश्न विचारायचा नाही, बारीकसारीक विचारत राहायचं. कशात गुंडाळलं? कोण बरोबर होतं? खड्डा कशानं खणला? बाळ मुलगा होता की मुलगी? ती फटाफट उत्तरं देत होती. मग मी विचारलं, "रंग कसा होता?"

"गोरीपान हाय," ती म्हणाली.

हाय. हवालदार बाईंनी माझ्याकडे बघितलं. सासूच्याही ते लक्षात आलं. ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"होटगीला. माझ्या भनीकडं," ती म्हणाली, आणि मग बांध फुटल्यागत बोलत सुटली. "सायेब, मी तीन लेकरं जन्माला घातली, धा जणींची बाळंतपणं हातानं केली. मला काय कळत न्हाय व्हय? आठव्या म्हयन्याचं पोर जगत न्हाय. ही पोर जगली, वर हात हलवून रडली. बोटांच्या टोकापत्तोर नखं आल्यात तिला! नखं नवव्यात येतात. लग्नाला साडेसात म्हयने, आन पोर नऊ म्हयन्यांची. मग ती कुनाची? माझ्या लेकानं दुसऱ्याचं पोर संबाळायचं का? सोमवारी आश्रमाच्या दारात ठिवणार हुते. मारनार नव्हते. तेवडी पापी न्हाय मी."

नवरा उंबऱ्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. त्याचा मला तेव्हा फार राग आला.

होटगीला पोहोचेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. स्टेशनजवळच्या एका घरात सासूची विधवा बहीण राहायची. तिनं दार उघडलं, आमचे कपडे बघितले आणि काही न विचारता आत गेली. बाळ एका टोपलीत कापसावर ठेवलं होतं. ती बाई तीन दिवस कापसाच्या वातीनं शेळीचं दूध थेंब थेंब पाजत होती. "नगं म्हनले हुते मी तिला," एवढंच ती म्हणाली. बाळाचे पाय गार पडले होते. हवालदार बाईंनी माझ्याकडे पाठ केली, वर्दीची वरची बटणं काढली आणि बाळ उघड्या छातीशी धरून वरून टॉवेल गुंडाळला. जीपमध्ये त्या सगळा वेळ तशाच बसल्या. ड्रायव्हरनं एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही, आणि सोलापुरात ते सोपं नाही.

दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात बाळाला घेतलं. पोरीलाही तिथेच दाखल केलं. बालकल्याण समितीला कळवलं. कायद्यानं माझं काम तसं सरळ होतं. बाळ आईचं, ते आईला द्यायचं, आणि टाकून देणाऱ्यावर कलम ३१७ लागतं का ते बघायचं. पण त्या पोरीनं बाळ घेऊन जायचं कुठे? माहेरी वडील नाहीत, आई दुसऱ्याच्या शेतात राबणारी, पाठची बहीण लग्नाची. सासरच्या दारात आता तिच्यावर शिक्का बसला होता. डीएनए तपासणी करता आली असती. पण अहवाल यायला लागणारे महिने त्या पोरीनं कुठे काढायचे, हे कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाच्या डॉक्टरांना विचारलं, "हे बाळ किती महिन्यांचं जन्मलं, हे आता सांगता येईल का?"

त्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "येईल. बऱ्याच आयांना तारीख आठवत नाही, म्हणून आम्ही बाळालाच विचारतो. चार-पाच दिवसांच्या आत विचारावं लागतं मात्र. या, दाखवते."

हात धुऊन, अंगावर हिरवा डगला चढवून मी उभा राहिलो. त्यांनी बाळाचा एक हात अलगद धरला आणि मफलर गुंडाळावा तसा गळ्यावरून पलीकडे नेला. फार लवकर जन्मलेल्या बाळाचं कोपर छातीच्या मध्याच्या पार पलीकडे जातं, पूर्ण दिवसांचं बाळ तेवढं जाऊ देत नाही. हिचं मध्याशी अडलं. मग मनगट दुमडून बघितलं, पाय सरळ करून बघितला. कानाची पाळी घडी घालून सोडली, ती सावकाश पण पुन्हा जागेवर आली. खांद्यावरची बारीक लव भिंगातून दाखवली. शेवटी तळपाय उताणा केला. बोटांकडच्या भागात ठळक रेघा होत्या, पण टाचेकडचा भाग गुळगुळीत होता.

"पूर्ण दिवसांच्या बाळाच्या टाचेपर्यंत रेघा असतात," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या अजून तिथवर पोहोचल्याच नाहीत."

मी तीस वर्षं बोटांचे ठसे घेतले होते. पायसुद्धा साक्ष देतो, हे मला माहीत नव्हतं. आणि ती साक्ष देणारी तीन दिवसांची पोर जांभई देत होती.

"आणि नखं?" मी विचारलं.

"नखं याच सुमारास बोटांच्या टोकाशी येतात. त्यांच्यावरून नऊ महिने ठरत नाहीत." एकेका खुणेला गुण होते. बेरीज पंचवीस झाली. तक्त्यात पंचवीसला चौतीस आठवडे होते. "दोन आठवडे इकडेतिकडे धरा," त्या म्हणाल्या.

म्हणजे पूर्ण दिवसांचं बाळ नव्हतंच. मी खुशीत ठाण्यावर आलो आणि हिशेब पक्का करावा म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं, रद्दीतून मागच्या वर्षीचं काढलं, आणि जन्माच्या दिवसापासून चौतीस आठवडे मागे मोजत गेलो. पेन थांबलं ती तारीख लग्नाच्या चौदा दिवस आधीची होती.

मी पुन्हा मोजलं. तेच आलं. दोन आठवडे इकडेतिकडे, हे डॉक्टरांचे शब्द मी सोयीस्करपणे विसरलो. पोलिसाच्या हाती तारीख लागली की त्याला दुसरं काही दिसत नाही. मी तसाच दवाखान्यात गेलो, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि त्या पोरीला विचारलं, "लग्नाआधीचं काही असेल तर मला आत्ताच सांग, पोरी. मी कुणाला सांगणार नाही."

ती म्हणाली, "मला मोजाया येत न्हाय सायेब. पन मला म्हाईत हाय की."

एवढंच बोलून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या नोकरीत मी कितीक लोकांना प्रश्न विचारले, त्यातला हा एक मला परत घेता आला असता तर बरं झालं असतं.

कक्षाच्या सिस्टर बाजूच्या खाटेवर सलाईन लावत होत्या. केस पिकलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी मला बोटानंच बाहेर बोलावलं.

"साहेब, मोजलं कुठून तुम्ही?"

"चौतीस आठवडे मागे. लग्नाच्या चौदा दिवस आधी दिवस राहिले."

"दिवस राहिले म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? आमचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतात. दिवस राहतात त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. चौतिसातले पहिले दोन आठवडे पोटात कुणीच नसतं!" त्यांनी हात जोडले. "दोन पोरींचे बाप ना तुम्ही? सकाळी डॉक्टरांना सांगत होता. आधी विचारायचं, मग बोलायचं."

मी दोन मुलींचा बाप खरा, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दोन आठवडे पुढे सरकवले तर तारीख बरोबर लग्नाच्या दिवसावर येत होती. माझी मान खाली गेली.

दुपारी सासूला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं होतं. मी तिला डॉक्टरांचा कागद दाखवला, आठवडे समजावले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दवाखान्याची गणितं मला नका सांगू. दोन आठवडे म्हनं पोटात कुनीच नसतं! मग मोजता कशाला?" खरं सांगायचं तर तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. माझ्याकडचं सगळं संपलं होतं.

डबा खायची वेळ झाली होती. हवालदार बाईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी सासूपुढे सरकवली. मग जेवता जेवता, जणू घरी ओट्याशी बसल्यासारखं, त्यांनी विचारलं, "मावशी, लग्नाचा मुहूर्त कुणी धरला?"

"मीच की."

"पोरीची तारीख विचारून धरला का तसाच?"

मला वाटलं, बाई कुठल्या कुठे चालल्यात. पण सासू दुखावल्यासारखी ताठ झाली. "तसाच कसा धरीन? मी काय येडी हाय? देवाब्रामनासमोर पोरगी उभी करायची, पाळी आली तर? तिच्या आईला इचारलं. अमावस्येच्या आसपास येती म्हनली. म्हनून बारा दिस पुडचा मुहूर्त धरला. हळदीच्या आदी परत फोन करून खात्री केली. अमावस्येलाच बसली हुती बाजूला. पाचव्या दिशी न्हाली."

हवालदार बाईंनी घास खाली ठेवला. "मग मावशी, पोर नऊ महिन्यांची म्हणता ना तुम्ही? म्हणजे लग्नात ती दीड महिन्याची पोटुशी असायला पाहिजे. पोटुशी बाई अमावस्येला बाजूला कशी बसली?"

सासूच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मी हळूच कॅलेंडर ओढलं. मागच्या वर्षीच्या त्या पानावर, मी पेनानं खूण केलेल्या तारखेच्या दोनच घरं पुढे, अमावस्येचा काळा गोल होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आमची गत झाली होती. पोरीला आठवत नव्हती ती तारीख तिच्यावर आरोप करणारीच्या डोक्यात पक्की होती.

सासूनं बोटांची पेरं मोजली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मोजताना ती मध्येच थांबली. "अगं आई गं," ती म्हणाली, "मी पोरीचं काय केलं हे?" आणि ठाण्याच्या बाकावर बसून ती जी रडली, ती बघून बाहेरचे दोन शिपाई दार लोटून घेऊन गेले.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. कक्षाच्या दारात सिस्टरनी अडवलं. बाळाला ऊब द्यायला कुणाच्या तरी अंगाशी धरून बसायला हवं होतं, आणि आईला अजून ताप होता. "घरचं कोण आहे?" सिस्टरनी विचारलं. सासू माझ्याकडे बघायला लागली, जणू उत्तर द्यायची परवानगी माझ्याकडे होती. मी सिस्टरकडे बोट दाखवलं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी आजी हाय."

सिस्टरनी तिला खुर्चीत बसवलं, चोळीची गाठ सोडायला लावली आणि बाळ छातीवर उपडं ठेवलं. वरून लुगड्याचा पदर. दहा जणींची बाळंतपणं केलेली ती बाई बाळाच्या पाठीवर हात कुठे ठेवायचा हे सिस्टरना विचारत होती. काचेतून मी बघत होतो. माझ्या शेजारी नवरा येऊन उभा राहिला होता. त्याला मी म्हणालो, "आत तुझी बायको आहे. आधी तिच्याकडे जा. आणि तिथे तरी मोठ्यानं बोल." तो गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण त्या पोरीनं भिंतीकडचं तोंड फिरवलं.

बाळ उघड्यावर टाकलं नव्हतं, सख्ख्या बहिणीच्या घरी होतं. म्हणून वरिष्ठांशी बोलून, सगळ्यांचे जबाब घेऊन, समितीपुढे सासू आणि नवऱ्याकडून लेखी हमी घेतली. सहा महिने हवालदार बाई दर आठवड्याला त्या घरी जाऊन येत होत्या. मी फार सौम्य वागलो, असं म्हणणारे सहकारी होते. असतीलही ते बरोबर. सून सासूशी कितीतरी महिने बोलली नाही, असं हवालदार बाई सांगायच्या, आणि तिनं बोलायला हवं होतं असं मला कधी वाटलं नाही.

बारसं तीन महिन्यांनी केलं, बाळाचं वजन भरल्यावर. बोलावणं आलं तर जावं की न जावं, अशा विचारात मी होतो. सौ.नं झबलं आणलं आणि मला पुढे घातलं. पाळण्याजवळ बाळाची आई उभी होती. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "पोरी, त्या दिवशी मी तुला जे विचारलं, ते विचारायला नको होतं. माझं मोजायला चुकलं."

तीस वर्षांत मी आरोपीची किंवा फिर्यादीची माफी मागितल्याचं आठवत नाही. कशी मागतात तेही मला नीट येत नव्हतं.

ती हसली. पाळण्यातलं बाळ उचलून तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चुकलं तर चुकलं, सायेब. तुमी परत मोजलं की. दुसऱ्यांदा कोन मोजतंय?"

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी तिचंच वाक्य सांगतो. माझ्या हातून किती तपास पहिल्याच मोजणीवर बंद झाले असतील, कुणास ठाऊक. ते आठवलं की झोप लागत नाही. त्या दिवशी मात्र बाळ हातात होतं. मी तिचा तळपाय उताणा करून बघितला. रेघा टाचेपर्यंत पोहोचल्या होत्या.